चाकाचा नट आणि हाताचा अंदाज

बेळगावहून गोव्यात उतरावयाचे तर चोर्ल्याचा घाट हा आमच्या घरच्यांच्या विशेष आवडीचा रस्ता. जांबोटी आणि कणकुंबी मागे पडली की झाडी दाट होऊ लागते, हवेत ओलावा येतो आणि गाडीतील वडीलधाऱ्या मंडळींना मंगेशीच्या देवळातील घंटा आतापासूनच ऐकू येऊ लागतात. २०२२ च्या डिसेंबरात, मार्गशीर्षातील एका सकाळी, आम्ही सहकुटुंब असेच निघालो होतो. गाडीत अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आमच्या मातोश्री होत्या, सौभाग्यवती होत्या, भाचा होता आणि त्याची तीन वर्षांची मुलगी होती. घाट निम्मा उतरलो असू नसू, तोच स्टिअरिंगला बारीक कंप सुटला. रस्ताच खराब असेल, अशी मनाची समजूत घालून आम्ही तसेच पुढे गेलो. केरीच्या अलीकडे मात्र कंप वाढला आणि पुढच्या डाव्या अंगाने 'कट् कट्' असा ठेक्यातला आवाज येऊ लागला.

"अरे, जात्याचा खुंटा सैल झाला म्हणजे असाच आवाज येतो. थांबव बघू गाडी," मातोश्री मागून म्हणाल्या.

गाडी थांबवून पाहतो तो त्या चाकाच्या पाच नटांपैकी एक मुळी जागेवरच नव्हता. दोन नट नुसत्या बोटांनी फिरत होते. उरलेल्या दोहोंनी आम्हा पाच जणांना घाट उतरवून आणले होते. भाच्याचा चेहरा उतरला; कारण ते निळे, चकचकीत, वजनाला फुलासारखे हलके असे अ‍ॅल्युमिनियमचे नट त्यानेच मोठ्या हौसेने मागवले होते आणि चारच दिवसांपूर्वी ते गाडीला लागले होते.

त्या दिवशी आम्हांला तारले ते मातोश्रींच्या एका जुन्या सवयीने. घरातील कोणतीही वस्तू टाकून द्यावयाची नाही, हा त्यांचा नेम. गाडीचे मूळचे पोलादी नट त्यांनी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरून डिकीत ठेवून दिले होते. चार स्टडांवर ते नट बसवले. पाचव्या स्टडाचे आटे पार गेलेले होते. अगदी हळू गाडी हाकीत साखळीपर्यंत आलो, तेथील एका वर्कशॉपात नवा स्टड घालून घेतला आणि दुपारच्या नैवेद्याची वेळ टळून गेल्यावर मंगेशीला पोचलो.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची कुलदैवते गोव्यात आहेत. इंदूर-बडोद्याहून हजाराच्या आसपास किलोमीटर गाडी चालवीत दरवर्षी येणारी कुटुंबे आमच्या परिचयाची आहेत. निघण्यापूर्वी ही मंडळी टायर पाहतात, तेल पाहतात, बोनेटवर नारळही फोडतात. परंतु चाकाच्या नटाचा विचार क्वचितच कोणी करतो. आम्हीही तोवर कधी केला नव्हता. म्हणून परत आल्यावर त्या प्रकरणाचा छडा लावावयाचे आम्ही ठरवले.

आमच्या गल्लीत एक वृद्ध गृहस्थ राहतात. उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर उभे राहून त्यांनी आयुष्याची तीस वर्षे काढली. लहानथोर सारे त्यांना 'काका' म्हणतात. उरलेले चार निळे नट आम्ही त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चष्मा पुसला, एक नट उजेडात धरला आणि आतील आट्यांवरून काडी फिरवली. काडीच्या टोकाला करड्या रंगाची भुकटी आली. "ही या नटाची हाडे," काका म्हणाले, "आटे खरवडून निघालेत. याला आवळलेले नाही, याला मारलेले आहे."

मग त्यांनी जे समजावून सांगितले, त्यातील पहिली गोष्ट ऐकून आम्ही चकितच झालो. चाक हे नटांवर टांगलेले असते, अशी आमची समजूत होती. वस्तुस्थिती तशी नाही. नट आवळला म्हणजे स्टड किंचित ताणला जातो आणि रबरासारखा मागे येऊ पाहतो. त्या ओढीने चाक हबवर दाबून धरले जाते. चाक आणि हब यांच्यामध्ये त्या दाबामुळे जे घर्षण उत्पन्न होते, तेच गाडीचे ओझे, ब्रेकचा हिसका आणि वळणावरची ओढ सोसते. दाब कमी पडला की चाक हबवर केसाएवढे इकडे तिकडे सरकू लागते, आणि असे सरकणे सुरू झाले की नट आपोआप उलटा फिरू लागतो. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली हे प्रयोगाने दाखवून दिले. बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या हादऱ्यांपेक्षा आडव्या सरकण्याने नट फार लवकर सैल होतो, असे त्याला आढळले होते.

हा दाब असतो तरी किती? बारा मिलिमीटर जाडीच्या स्टडावरचा कोरडा नट १०० न्यूटन मीटर पिळाने आवळला, तर एका स्टडात साधारण सव्वाचार टनांची ओढ निर्माण होते. पाच नटांची मिळून एकवीस टनांची पकड झाली. आणि एवढ्या ओढीने स्टड लांबतो किती? चाकाच्या जाडीएवढ्या, म्हणजे सुमारे पंचवीस मिलिमीटरांच्या भागात, एका मिलिमीटराचा जेमतेम सतरावा हिस्सा! मुलांच्या वहीचा कागदही त्याहून जाड असतो. साऱ्या कुटुंबाचा भार ज्यावर विसंबलेला, ते ताणणे एवढे सूक्ष्म आहे, हे कळल्यावर आम्ही क्षणभर गप्पच झालो.

येथेच आमच्या चाकाच्या दुखण्याचे पहिले मूळ सापडले. नवे नट लावताना भाच्याने चाकांच्या रिमांना नवा रंगही देववला होता. तोही भट्टीत भाजून पक्का करतात तो, पावडर कोटिंगचा. हा थर सामान्यतः साठ ते शंभर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे स्टड जेवढा ताणला जातो तेवढाच किंवा त्याहून अधिक. नट जेथे टेकतो त्या शंकूच्या आकाराच्या खळग्यांतही रंग बसला होता. गाडी चालू लागल्यावर तो दाबाखाली चेपला, झडला आणि त्याबरोबर स्टडाचा ताणही गेला. नट जागचा हललाही नसेल, आणि तरी पकड संपली असेल. रिमांना रंग देववताना नटांचे खळगे आणि हबला टेकणारी मागची बाजू झाकून घ्यावी किंवा तेथला रंग काढून टाकावा, हे त्या रंगवाल्याने पाहिले नाही आणि आम्हांला विचारावयाचे सुचले नाही.

दुसरे मूळ नटाच्या धातूत होते. बेळगावकरांना अ‍ॅल्युमिनियम परके नाही. यमनापूरच्या कारखान्यात बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना काढतात, हे येथली शाळकरी मुलेही सांगतील. या धातूचे गुण मोठे आहेत. पोलादाच्या सुमारे एकतृतीयांश वजन हा त्यांतला मुख्य. परंतु त्याचा ताठपणाही पोलादाच्या साधारण एकतृतीयांशच असतो. तापल्यावर तो पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतो. आणि पोलादावर कोरडा घासला गेला तर त्याचे कण उपटून पोलादालाच चिकटतात. असे झाले म्हणजे नट फिरताना जड लागतो. आवळणाऱ्याच्या हाताला वाटते की घट्ट बसला; प्रत्यक्षात सारा जोर आटे खरवडण्यात खर्च होत असतो आणि स्टड ताणला गेलेलाच नसतो. चांगल्या नटातसुद्धा पान्यावर लावलेल्या जोराचा सुमारे दशांशच स्टड ताणण्याच्या कामी येतो, बाकीचा घर्षणात जातो. घर्षण वाढले की हा दशांशही घटतो. 'हाताला कळते' असे म्हणणाऱ्या मेकॅनिकावर आमचा पूर्वी फार विश्वास होता. आता तो राहिलेला नाही. कारण हाताला कळते ते घर्षण.

तिसरे मूळ म्हणजे हवेची गन. आजकाल कोणत्याही टायरवाल्याकडे गाडी नेली की पोरगा येतो, गन लावतो, 'घर्रर्र' असा आवाज होतो आणि पाच सेकंदांत नट बसतो. नट उघडण्यासाठी ही गन उत्तम, याबद्दल आमची तक्रार नाही. बसवताना मात्र ती तीनशे-चारशे न्यूटन मीटरांचा मार सहज देते. पोलादी नट तो एखादे वेळी सोसतो. आमच्या निळ्या नटांचे आटे पहिल्याच मारात अर्धे कापले गेले होते. ज्या दुकानात हे झाले त्याचे नाव येथे देण्याचे कारण नाही. तसा प्रकार कोठेही होऊ शकतो, आणि नट आमचे होते, आग्रहही आमचाच होता.

मग अ‍ॅल्युमिनियमचे नट वाईटच काय? तसे नाही. जर्मनीच्या पोर्श कंपनीने आपल्या ९११ या प्रसिद्ध गाडीला घडीव अ‍ॅल्युमिनियमची चाके दिली आणि त्यांना नटही वर्षानुवर्षे अ‍ॅल्युमिनियमचेच दिले. त्यांच्यासाठी १३० न्यूटन मीटर हा आकडा कंपनीने ठरवून दिला. तेथे नटाची उंची, स्टडाची जाडी (ती चौदा मिलिमीटर आहे), आट्यांची जात हे सारे एकमेकांचा विचार करून योजलेले होते. बाजारातून रंग पाहून आणलेल्या नटामागे असा विचार असेलच याची खात्री देता येत नाही. घरच्या गाडीला असे नट लावू नयेत, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. पाच नटांमागे वाचणारे वजन ते किती, आणि त्यासाठी जोखीम किती!

तथापि एखाद्याच्या गाडीला ते मूळचेच असतील किंवा घरातील तरुण मंडळी ऐकतच नसतील, तर ते कसे बसवावेत हे ठाऊक असलेले बरे. काकांनी आमच्या अंगणात बसून एकेक चाक आमच्याकडूनच काढवून नि घालवून घेतले. ती रीत पोलादी नटांनाही जशीच्या तशी लागू आहे.

आधी नट कशाचा आहे ते पाहावे. फ्रिजवर चिठ्ठी लावावयाचे चुंबक पुरे. पोलादाला ते चिकटेल, अ‍ॅल्युमिनियमला नाही. मग नटाचे बूड चाकाच्या खळग्याशी जुळते का ते पाहावे. पुष्कळ गाड्यांना शंकूच्या आकाराचे बूड लागते. होंडाच्या मूळच्या चाकांना गोलाकार बूड लागते. टोयोटाच्या अनेक अ‍ॅलॉय चाकांना सपाट वायसरचा, नळीसारख्या मानेचा नट असतो. हे एकमेकांत बदलले तर नट खळग्याच्या कडेवर तोलून राहतो, आणि पान्याला मात्र घट्ट लागतो. फोक्सवॅगन, स्कोडा अशा गाड्यांना नट नसतातच, बोल्ट असतात.

चाक काढल्यावर हबचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढावा, स्टडाचे आटे कोरड्या फडक्याने पुसावेत. तेलाचा थेंब किंवा ग्रीसचे बोट लावण्याचा मोह आवरावा. तेल लागले की घर्षण घटते आणि त्याच आकड्याला स्टड दीडपटही ताणला जाऊ शकतो. साधा स्टड तेवढ्याने कायमचा लांबतो किंवा तुटतो. आम्ही स्वतः वर्षानुवर्षे 'पुढच्या वेळी सहज निघावा' म्हणून नारळाच्या तेलाचे बोट लावीत होतो, हे कबूल करण्यास आता लाज वाटते. ज्या गाडीच्या पुस्तकात ठरावीक लेप ठरावीक जागी लावण्यास सांगितले असेल, तेथे तो जरूर लावावा. पोर्शसारख्या काही गाड्यांत तसे सांगितलेले आहे. इतरत्र कोरडेच.

नट नेहमी बोटांनी सुरू करावा आणि फेरे मोजावेत. पोलादी नटाने स्टडाच्या जाडीइतकी तरी पकड घेतली पाहिजे. अ‍ॅल्युमिनियमच्या नटाने तिच्या दीडपट. बारा मिलिमीटरच्या, दीड मिलिमीटर आट्यांच्या स्टडावर ते अनुक्रमे आठ आणि बारा फेरे होतात. सहा-सात फेऱ्यांतच नट टेकला तर तो त्या चाकाचा नव्हे, असे खुशाल समजावे. आमचे निळे नट काकांनी फिरवून पाहिले. पुरते आठही भरले नाहीत.

पुढे आवळणे. शेजारचा नट लगेच आवळावयाचा नाही. पाच नट असतील तर एक सोडून एक, चांदणी काढावी तसे. चार असतील तर समोरासमोर. आधी सगळे निम्म्या जोराने, मग गाडी जॅकवरून उतरवून पूर्ण आकड्याला. एकच बाजू आधी ओढली तर चाक वाकडे बसते, ब्रेकची डिस्क मुरडते आणि काही दिवसांनी पेडलाखाली थरथर जाणवू लागते. मग ब्रेकवाल्याचे बिल येते, आणि दोष कोणाचा ते कोणालाच कळत नाही.

आकडा गाडीच्या पुस्तकातूनच घ्यावा. मारुतीच्या अनेक छोट्या गाड्यांना ८५, टोयोटाच्या अनेक गाड्यांना १०३, होंडाला १०८, फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांना १२० न्यूटन मीटर असे आकडे दिलेले आढळतात. परंतु मॉडेलागणिक ते बदलतात. आकडा अचूक लावण्यासाठी टॉर्क रेंच नावाचा पाना मिळतो. ठरलेला पीळ झाला की तो 'टक्' असा आवाज देतो. एक 'टक्' ऐकू आला की थांबावे. खात्रीसाठी पुनःपुन्हा ओढू नये. त्यावर न्यूटन मीटर आणि फूट-पौंड असे दोन आकडे कोरलेले असतात. शंभर फूट-पौंड म्हणजे जवळजवळ १३६ न्यूटन मीटर, तेव्हा चूक कोठे होईल हे सांगावयास नको. काम झाले की पाना सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावा, आणि नट उघडण्यास तो वापरू नये. एका नव्या टायरापेक्षा तो स्वस्त पडतो. दोन-तीन बिऱ्हाडांत मिळून एक घेतला तरी चालेल. आमच्या गल्लीत तसाच घेतला आहे.

वाटेत पंक्चर झाले आणि हा पाना जवळ नसला तर? काकांनी त्याचाही हिशेब मांडून दिला. गाडीबरोबर मिळणारा पाना सुमारे एक फूट लांबीचा. त्याच्या टोकावर चौतीस किलोंचा भार दिला तर १०० न्यूटन मीटर होतात. म्हणजे पंधरा किलोंचे तेलाचे दोन डबे आणि वर थोडे. हातांनी भक्कम दाबले की साधारण तेवढा जोर पडतो. पान्यावर उभे राहू नये. साठ किलोंचा मनुष्य उभा राहिला तर पावणेदोनशेच्या पुढे आकडा जातो, आणि पान्याला पाइप लावून लांबी दुप्पट केली तर साडेतीनशे. पाइप लावणे हा आपल्याकडे पुरुषार्थ समजला जातो. अ‍ॅल्युमिनियमच्या नटाला त्याने हात लावू नये.

आणखी एक सूचना घाटातून जाणाऱ्यांसाठी. उतार उतरून ब्रेक तापलेले असताना पूर्ण आवळणी करू नये. तापलेले अ‍ॅल्युमिनियमचे चाक पोलादी स्टडापेक्षा जास्त फुगते. गरम असताना आकडा बरोबर लागतो, आणि थंड झाल्यावर चाक आखडून ताण उतरतो. वाटेत चाक बदलावेच लागले तर तात्पुरते आवळून पुढे जावे आणि गार झाल्यावर पुन्हा पाना लावावा. चाक काढून घातल्यानंतर पन्नास ते शंभर किलोमीटरांनी सगळे नट पुन्हा एकदा तपासणे तर अगत्याचे आहे; नव्या रंगाच्या किंवा नव्या अ‍ॅलॉय चाकांना विशेषच. आमचा नट पडला तो, चार दिवसांचे गावातले फिरणे धरूनही, बहुधा याच टप्प्यात. निघण्यापूर्वी दहा मिनिटे खर्ची घातली असती तर तो सापडला असता.

गोव्याकडच्या वाचकांना अ‍ॅल्युमिनियमच्या नटाचा आणखी एक त्रास संभवतो. खारी हवा आणि ओल यांत पोलाद व अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकून राहिले की अ‍ॅल्युमिनियम हळूहळू खाल्ले जाते, त्याची पांढरी पूड आट्यांत भरते आणि नट असा अडकतो की काढताना स्टडासकट तुटून येतो. वरचा रंगीत थर त्याला काही काळ राखतो, परंतु पान्याचा पहिला ओरखडा पडेपर्यंतच. म्हणून वर्षातून दोनदा, विशेषतः पावसाळा सरल्यावर, असे नट काढून पुसून पुन्हा बसवावेत. पाना सहा कोपऱ्यांच्या गोटीचा वापरावा; बारा कोपऱ्यांची गोटी मऊ धातूचे कोपरे गोल करून टाकते. आतले आटे करडे दिसू लागले की तो नट बाद.

भाच्याने ते चार निळे नट परत मागितले नाहीत. आता श्रीखंडाच्या डब्यात पोलादी नटांऐवजी ते पडून आहेत, आणि मातोश्री डबा काही केल्या टाकू देत नाहीत. या वर्षी मंगेशीला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी भाचा टॉर्क रेंच घेऊन अंगणात बसला होता. त्याची मुलगी, आता चांगली बोलू लागलेली, शेजारी उभी राहून प्रत्येक 'टक्' मोजत होती. वीस झाले तेव्हा तिने विचारले, "बाबा, स्टेपनीचे?" स्टेपनीला नट नसतात, असे सांगत तो हसला, मग काहीसे आठवल्यासारखे करून उठला आणि तिची हवा पाहू लागला.